सपाट गट

आता आयसीयूतली खाट बटणावर वर होते. चौऱ्याण्णव साली हैदराबादच्या आमच्या सरकारी दवाखान्यात परदेशी व्हेंटिलेटर आले होते, खाटा मात्र जुन्या लोखंडीच होत्या. डोकं उंच ठेवलं तर गंभीर रोग्यांचा न्यूमोनिया आटोक्यात राहतो का, हा माझ्या प्रबंधाचा विषय. चिठ्ठी काढून निम्म्या खाटांच्या उशाकडच्या पायांखाली मी विटा लावायची, निम्म्या सपाट ठेवायची. वर्षभर आकडे लिहिले, पण दोन्ही गटांत फरकच दिसेना. एका दुपारी डबा विसरला म्हणून वॉर्डात परतले, तर आया यादम्मा नातेवाइकांकडून सपाट गटातली खाट उचलून घेऊन खाली विटा सरकवत होती. “ये रोज करते तुम?” मी ओरडले. “तुमे आने के पहले निकाल देतिऊं, डाक्टरम्मा,” ती शांतपणे म्हणाली. “दम घुटता ना उनका. देख को सपाट कैसा सुलाना?”

गप्प राहिले असते तर प्रबंध खपून गेला असता. मी रडत जाऊन मार्गदर्शक शिवराज सरांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी वही मागच्या वर्षीच्या, सगळ्या खाटा सपाट असतानाच्या रजिस्टराशेजारी ठेवली. “अगं रजनी, तुझं वर्ष गेलं,” ते म्हणाले. “पण यंदा मृत्यू निम्म्यावर आलेत.” मग यादम्माला बोलावलं. नोकरी गेली असं समजून ती दारातच उभी राहिली. “और कित्ते ईंटां होना?” आणखी किती हव्यात, हे सरांनी तिच्याच बोलीत विचारलं. “ईंटां बहोत हैं, साब,” ती म्हणाली. “खाट उठाने कू एक आदमी होना.”