करपल्याचा वास

मिस्त्रीनं गिअरबॉक्स जॅकवर तोलून हळूहळू खाली सोडला, तेव्हा म्हातारा ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून उभा होता. उभी हयात ट्रकवर गेलेली, पण आज गाडीच्या पोटात डोकावायची त्याची छाती होईना.

सकाळी चढावर गाडीनं मान टाकली होती. इंजिन गळा काढून ओरडत होतं आणि ट्रक जागचा हलत नव्हता. क्लच गेला, एवढं शेंबडं पोरही सांगेल. प्रश्न होता, कुणामुळे गेला? मुलाचं उत्तर तयार होतं.

"बाबा, हल्ली तुमचा पाय क्लचवरून उठतच नाही. गुडघा दुखतो म्हणून तिथंच टेकवून ठेवता. तसं निघालं, तर आजपासून चावी माझ्याकडे."

म्हाताऱ्यानं मुकाट मान डोलावली होती. गुडघा दुखत होता, हे काही खोटं नव्हतं. आणि चावी गेल्यावर आपण करायचं काय, हे त्याला सुचत नव्हतं.

"पायानं खाल्लेली प्लेट कोरडी असते," मिस्त्री ट्रकखालून म्हणाला. "घासून घासून रिवेट वर आलेले असतात. आणि ही बघ."

त्यानं क्लच प्लेट बाहेर सरकवली. ती तेलानं निथळत होती.

"इंजिनचं मागचं सील फाटलंय. ऑइल पाझरतंय ते थेट प्लेटवर. तेलकट हातानं बरणीचं झाकण फिरतं का? मग हा क्लच पकडणार काय, कपाळ?"

"म्हणजे बाबांचा पाय..." मुलगा चाचरला.

"त्या पायाला कशाला नावं ठेवतोस? जा, सील आणि नवी प्लेट घेऊन ये. संध्याकाळी गाडी रस्त्यावर."

मुलगा ओशाळला. बापाच्या खांद्यावरची नसलेली धूळ त्यानं झटकली आणि तो घाईघाईनं बाहेर पडला. म्हाताऱ्याला इतकं हलकं वाटलं, की त्यानं डावा पाय उगाचच दोनदा जमिनीवर आपटून पाहिला. गुडघ्यात कळ आली, तरी बरं वाटलं.

मिस्त्री हात पुसत बाहेर आला. मुलगा कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबला. मग त्यानं प्लेट म्हाताऱ्याच्या नाकापुढे धरली.

"वास घे. कसला येतो?"

"ऑइलचा."

"नुसता ऑइलचा?" मिस्त्रीनं आवाज खाली आणला. "अरे, जळून कोळसा झालीय ही. माझं डोकं उठलंय वासानं. आणि ही काही एका सकाळीत जळलेली नाही. कित्येक दिवस केबिनमध्ये वास कोंडला असणार. तुला कळलं कसं नाही?"

खरं तर म्हाताऱ्याला ऑइलचाही वास आला नव्हता. ऑइल दिसलं, म्हणून ऑइल म्हणाला.

"पोराला मी काही बोलणार नाही," मिस्त्री म्हणाला. "पण पुढच्या वेळी क्लच नसेल, ब्रेक असेल. भर उतारावर जळत असेल. वहिनी बरोबर असायच्या तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

वेगळी होतीच. बायको शेजारी बसायची, तेव्हा गाडीचं दुखणं आधी तिला कळायचं. ब्रेक तापला, कुठं वायर जळायला लागली, की नाक मुरडून म्हणायची, "काहीतरी करपतंय." तो चिडवायचा, "तुला जिथं तिथं स्वयंपाकघरच." तरी गाडी बाजूला घ्यावी लागायची आणि दर वेळी तीच खरी ठरायची. डोळे मिटून बसली तरी सांगायची, साबणाचा कारखाना आला, आता पूल. लाकडाची वखार मागे पडली, आता उतार. अर्धा रस्ता त्यानं तिच्या नाकानं पाहिला होता. मग नातवंडं झाली आणि ती घरी राहिली. किती मजेचे दिवस होते, आणि ते संपले हे आपल्या लक्षातसुद्धा आलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

तो केबिनमध्ये चढून बसला आणि त्यानं घरी फोन लावला.

"अगं, मला वास येत नाही," तो एकदमच म्हणाला.

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"परवा दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं. तुम्ही ओट्याला टेकून पेपर वाचत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"पोरानं चावी काढून घेतली असती. आणि दिवसभर घरात बसून तुम्ही माझं डोकं खाल्लं असतं, ते वेगळंच."

तो हसला.

"येतेस का गं परत? पूर्वीसारखी?"

पलीकडून नुसता नळाचा आवाज येत राहिला. मग नळ बंद झाला.

"पोरं शाळेत गेल्यावर निघायचं. दिवे लागायच्या आत घरी. लांबची खेप घ्यायची नाही."

"कबूल."

"आणि माझ्या सीटवर अडगळ रचली असेल ना तुम्ही?"

"छे! तशीच आहे, रिकामी," म्हातारा म्हणाला. फोन कानाशी खांद्यानं दाबून धरत त्यानं शेजारच्या सीटवरचा दोरखंड ओढला, त्याखालची ताडपत्री ओढली, त्याखालच्या फाटक्या ट्यूबा ओढल्या, आणि आवाज होऊ न देता एकेक करून दारातून मिस्त्रीच्या हातात द्यायला लागला.