लेकराच्या डोक्यावर हात

उद्या औरंगाबादला निजामाच्या अदालतीत तिची साक्ष होती. नवऱ्याला मारणारा मेंढपाळ म्हस्कूच होता, एवढं ती बोलली की म्हस्कूला फाशी. आज त्याची आई, आसराबाई, दारात येऊन बसली. "पोरी, लेकराच्या डोक्यावर हात ठेव आन् म्हण, म्हस्कूच होता. मंग मी रडणार बी न्हाई." "ठेव गं जल्दी!" सासू ओट्यावरून कडाडली. "आपल्याला कशाचं भ्या? जाऊ दे ही ब्याद." तिनं हात उचलला. तो मधेच थांबला. मांडीवरच्या बाळाला वाटलं, आई टाळूला तेल लावणार. त्यानं हसत स्वतःच डोकं तिच्या तळव्याखाली सरकवलं. चटका बसल्यासारखा तिनं हात मागं ओढला. "आत्याबाई, मी साक्षीला जाते," ती सासूला म्हणाली, "पण त्या राती अंधारात मी मारणाऱ्याची निसती घोंगडी पाह्यली. तोंड न्हाई." सासू ओट्यावरून उतरून तिच्यापुढं आली. "मंग माझ्या लेकाला मारलं कुणी?"