शेवटच्या रांगेत

शिक्षणाचा निधी कापू नका, हवं तर कर वाढवा म्हणून अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या विधानभवनात शिक्षक जमिनीवर ठाण मांडून बसले होते. उठणार नाहीत त्यांना अटक करा, असा हुकूम सुटला आणि पोलीस शिपाई वेंडेलला रांगांमध्ये शिरावं लागलं. त्याची बायको शेल्बी शिक्षिका होती. अटक झाली तर नोकरी जाईल, असं शाळेनं बजावूनही ती सकाळी म्हणाली होती, "युनियननं ठरवलंय. मी बसणार."

एकेक चेहरा बघत तो पुढे सरकत होता. शेवटच्या रांगेत त्याला शेल्बीचा सदरा दिसला. वर्गातल्या मुलांनी पाठीवर रंगवलेला सूर्य, डोक्यावर टोपी. त्यानं जीव मुठीत धरून खांद्यावर हात ठेवला.

मान वळली. ती त्याची आई होती. 'या मास्तरणींसाठी आम्ही किती कर भरायचा?' म्हणून दर रविवारी जेवताना सुनेशी कडाकडा भांडणारी.

"तिला दामटून वर्गावर पाठवलंय," दोन्ही हात पुढे करत आई म्हणाली. "करवाढ मला अजूनही पटलेली नाही, सांगून ठेवते. पण मला कोण नोकरीवरून काढणार? घाल बेड्या."