टाळ्या कधी थांबवायच्या?

वीज नेमकी तपासणीच्या दिवशीच गेली. विस्तार अधिकारी सातवीचा प्रोग्रामिंगचा तास पाहायला येणार, आणि संगणक सगळे काळेठिक्कर! मुलांना काही येत नाही असा शेरा पडला, की ही संगणकांची खोली खिचडीचा तांदूळ ठेवायला घ्यायची, हे मुख्याध्यापकांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

पण तांदळे बाई डगमगणाऱ्यातल्या नव्हत्या. “आज तुम्हीच संगणक,” त्यांनी वर्गाला बजावलं. “संगणक सांगितलं तेवढंच करतो, स्वतःचं डोकं चालवत नाही. ऐका सूचना. साहेब आले की टाळ्या वाजवायच्या, ते बोलायला लागेपर्यंत.”

साहेब आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब हात जोडून, टाळ्या थांबल्या की बोलू म्हणून उभे राहिले. साहेब बोलले की थांबू म्हणून मुलं वाजवत राहिली. साहेबांचं हसू हळूहळू आखडलं. मुख्याध्यापकांनी डोळे वटारले, बाई “पुरे, पुरे!” म्हणून ओरडल्या, पण सूचनेत यातलं काहीच नव्हतं.

शेवटी साहेबच कडाडले, “अरे, चाललंय काय हे?”

त्याबरोबर सगळे हात थांबले. पहिल्या बाकावरची दुर्वा उठली. “साहेब, याला लूप म्हणतात, अट पुरी होईपर्यंत तेच तेच करत राहायचं. आम्ही बरोबर चाललो होतो, बाईंची अट चुकली.”

साहेब पोट धरून हसले आणि टाळ्या वाजवू लागले. ते पाहून मुख्याध्यापकही लगेच वाजवू लागले.

दुर्वा हळूच म्हणाली, “बाई, हेडसरसुद्धा संगणक झाले का?”