पायडल

कंपनीचा तपासनीस चिन्मय दारातच थबकला. कंपनीने पाठवलेली वरखाली होणारी खुर्ची कोपऱ्यात होती आणि तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग. यमुनाबाई बागूल बसल्या होत्या खिडकीपाशी, स्टुलावर. ज्या टेबलावर त्यांनी तीस वर्षं ब्लाउज शिवले, त्यावर आता शिलाई मशीनच्या जागी पडदा होता आणि पडद्यावर चंद्रावरची करडी जमीन.

“काकू, हे नियमात बसत नाही. घरातल्या अशा ऑफिसला मंजुरी दिली तर माझी नोकरी जाईल.”

“आणि नाही दिली तर माझी. आधी बघा तरी!”

त्यांनी मशीनचं जुनं, आता पडद्याला जोडलेलं पायडल दाबलं. अडीच सेकंदांनी पडद्यावरचं सपाटीकरणाचं यंत्र हललं आणि सरळ खड्ड्याकडे निघालं. काठ बराच लांब असतानाच यमुनाबाईंनी पाय उचलला. यंत्र तरी पुढे जातच राहिलं आणि काठाच्या वीतभर अलीकडे थांबलं.

चिन्मयने रोखलेला श्वास सोडला. संदेश चंद्रावर जाऊन चित्र परत यायला लागणाऱ्या या अडीच सेकंदांपायी मोठमोठ्या इंजिनियरांनी तीन यंत्रं खड्ड्यात घातली होती.

“पाय उचलला तरी सुई दोन टाके पुढे जातेच,” यमुनाबाई म्हणाल्या. “ते आधीच धरून चालायचं. माझ्या पायाला ते कधीचं ठाऊक आहे.”

चिन्मयने टेबलाखाली वाकून पायडल पाहिलं. मग म्हणाला, “यंत्रं चालवणाऱ्या सगळ्यांनाच असं टेबल द्यायला हवं. मापं घेऊ?”

यमुनाबाईंनी खुंटीवरची टेप काढून गळ्यात घातली.

“मापं मी घेते. तुम्ही लिहून घ्या.”