मुराळ्याची गाडी

“हाऊ नही वं, अर्ध्या इंचाचा पाना दे,” जीपखालून सुकदेव आबांचा आवाज आला.

सुंदरबाईने अर्ध्याचाच दिला होता. तिने तो परत घेतला, पदराला पुसला आणि पुन्हा सासऱ्याच्या हातात ठेवला.

“हां, हाऊ!” आबा खूश झाले.

जीप दोन सीटची होती. लष्कराच्या लिलावातली, मागे खत-बियाणं टाकायला पत्र्याचा हौदा बसवलेली. गाव सोनगीरहून आत, आणि मळा नदीच्या पलीकडे. काळ्या रानात, नाल्यात, वाळूत, जिथे बैल नको म्हणायचे तिथे ही जायची. अडली तर आबा आणि सून मिळून तिला उठवायचे. इंजिनाच्या पाठीमागचा एक बोल्ट आबांच्या जाड बोटांना सापडत नसे. सुंदरबाईच्या बारीक हाताला सापडला, तेव्हापासून ती भरती झाली. “सून आणली भाकरीला, ह्यांनी केली फिटर,” असं सासू भिकुबाई गावभर सांगायची. सांगताना आवाज तक्रारीचा असे, पण सांगायची मात्र प्रत्येकाला.

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. लिंबाला झोके बांधून झाले होते. या सणाला खानदेशातली लेक सासरी राहत नाही. माहेरचा मुराळी येतो आणि तिला घेऊन जातो. सुंदरबाईचा मुराळी म्हणजे तिचा बापच. पाचोऱ्याचा रुपचंद, रेल्वेतला गँगमन. दरवर्षी धुतलेला सदरा घालून दारात उभा राहायचा. मार्गशीर्षात तो गेला. आई आधीच गेलेली, भाऊ नव्हताच. क्वार्टर रेल्वेने परत घेतलं. माहेराला लावायला कुलूपसुद्धा उरलं नाही.

“यंदा जायचं नाही, बरंच झालं,” ती शेजारणीला मोठ्याने म्हणाली होती. “इथं काय कामं कमी आहेत?” पण सकाळपासून गल्लीत कुठलीही गाडी वाजली, की तिच्या हातातलं काम थांबत होतं. 

इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातला पडदा फाटला होता. आबांनी धुळ्याहून नवा आणला. तिने पाठीमागचा बोल्ट हातानेच चाचपून आवळला, पंपाची छोटी दांडी बोटाने वरखाली केली आणि पेट्रोल चढल्याचा वास येताच मान हलवली. मग पुढच्या चाकांना ग्रीस दिलं. टायरमधली हवा थोडी कमी केली. मळ्याकडे वाळूतून जायचं म्हणजे एवढं करावंच लागतं.

“आज फारच लाड चाललेत जीपचे,” ती म्हणाली.

“मुराळीनी गाडी शे. वाटमा बंद पडाले नको.”

सुंदरबाई समजली. नणंद तानु शिरपूरला दिलेली. तिला आणायला निघालेत. तानु गुणाची पोर होती. तिची गाडी वाटेत बंद पडली असती तर सुंदरबाईलाच लाज वाटली असती. तिने पंपाचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून पाहिले.

“काय वं, अवतार दख तुना!” भिकुबाई दारातून ओरडली. “नवं लुगडं नेस. सणना दिन लोके येतीन, तोंड काय दखाडशी?”

सुंदरबाईने बादलीभर पाण्यात हात घासले, लुगडं नेसली आणि बाहेर आली. जीप घुरघुरत होती. आबांनी शेजारच्या सीटवरची पान्यांची पेटी उचलून हौद्यात टाकली होती.

“बस.”

“मी? पाना द्यायला येते हवं तर. मागे बसते.” सासऱ्याच्या बरोबरीने ती कधी बसली नव्हती.

“पुढे बस. वाळूमा वजन पुढे लागस.”

हे तिने आजवर कधी ऐकलं नव्हतं. उलट वाळू आली की आबाच हौद्यात दगड टाकायला लावायचे, आणि शिरपूरच्या वाटेवर वाळू तरी कुठे होती? पण चालू जीपशी आणि आबांशी कोणी वाद घालू नये. ती बसली.

शिरपूरला जायचं तर हायवे गाठायला डावीकडे वळावं लागतं. आबा उजवीकडे वळले. सरळ नदीत. 

“आबा, रस्ता!”

“मुराळीनी गाडी मांगे फिरत नही,” आबा म्हणाले आणि त्यांनी फोर-व्हीलची दांडी ओढली. जीप वाळूत घुसली, डोलली, पण अडली नाही. पात्रातून पार देवीच्या देवळापर्यंत गेली, काठ चढली, खळ्यांना वळसा घालून दुसऱ्या अंगाने गावात आली. आबा सगळा वेळ समोर बघत होते. एका सणासाठी बोलायचं तेवढं त्यांचं बोलून झालं होतं.

जीप थांबली ती निघाली होती त्याच दारात.

उंबऱ्यावर भिकुबाई उभी होती, एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. तिच्यामागे, एवढ्यात दुपारच्या एस.टी.ने पोचलेली तानु, तोंडात पदर कोंबून हसत होती. भिकुबाईने तुकडा सुंदरबाईवरून ओवाळून लांब फेकला. पायांवर पाणी घातलं. मग तिला नीट न्याहाळत, नुकत्याच माहेरी आलेल्या लेकीला सासरच्या सगळ्यांची खुशाली विचारतात तसं विचारलं, “थकनी का वं पोरी? तुना सासरना बठ्ठा बरा शेतस ना?”

सुंदरबाईने आबांकडे पाहिलं. ते बॉनेट उघडून उगाचच आत डोकं घालून उभे होते.

“बठ्ठा बरा शेतस, माय,” ती म्हणाली. “सासू तेवढी फटकळ शे.”