काळ्या जमिनीकडे

ज्या वर्षी धाकटी बहीण नवऱ्याने मोडलेला हात गळ्यात अडकवून कायमची माहेरी आली, त्याच वर्षी ऊन महिनाभर आधी तापलं. झाडांना अजून कोवळी पालवी फुटत होती आणि खालचं गवत मात्र पायाखाली कडकड मोडत होतं.

सकाळी डोंगराच्या पायथ्याशी वनरक्षकाने हवामान विभागाचा कागद वाचून दाखवला. पुढचे चार दिवस पारा नेहमीपेक्षा सहा अंश वर, दुपारनंतर जोराचा आणि दिशा बदलणारा वारा, आगीचा धोका अतितीव्र. समोर मुकादम धरून नऊ माणसं बसली होती. वणवा उठला की तो विझवायचा आणि एरवी गवत कापून मोकळे पट्टे काढायचे, हे त्यांचं काम.

"सहा अंश म्हणजे किती हो?" एकाने विचारलं.

"तुझी बायको तापते ना, त्याच्या निम्मं," पाणी वाहणारा म्हातारा म्हणाला.

कुणी हसलं नाही. माहेरी आलेल्या बहिणीचा नवरा त्या नऊ जणांतच बसला होता आणि टोळीचा मुकादम तिचा थोरला भाऊ होता. मुकादम त्याला दाजी म्हणायचा, म्हणून सगळी टोळीच दाजी म्हणायची.

मुकादमाने सगळ्यांच्या कोयत्यांची धार बोटाने तपासली. दाजीचा कोयता परत देताना तो शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी, आज तुम्हाला या डोंगरावर जाळूनच मी घरी जाणार आहे."

"बघू," दाजी म्हणाला. पण कोयता घेऊन तो दोन पावलं मागे सरकला.

एकच्या सुमारास खालच्या ओढ्याकडून धूर आला. टोळी उतारावर आडवी पसरली आणि हिरव्या फांद्यांनी आग झोडपू लागली. तासभर ती दबत गेली. मग वारा फिरला. ज्वाळा उभ्या राहिल्या आणि डोंगर चढू लागल्या.

या कामात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. चढावर आग माणसापेक्षा वेगाने पळते, म्हणून वर पळायचं नाही. ज्वाळांची रांग जिथे पातळ दिसेल तिथे तोंड झाकून तिच्यातूनच आत शिरायचं. पलीकडे सगळं जळून गेलेलं असतं. त्या काळ्या जमिनीवर आगीला खायला काही उरलेलं नसतं.

"आत शिरा," मुकादम ओरडला. सात जण एकामागून एक ज्वाळांतून पलीकडे गेले. उरला दाजी. पातळ जागेच्या तोंडाशी मुकादम हात पसरून उभा होता. दाजीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो वर पळत सुटला.

मुकादम मागे धावला. वीस पावलांवर त्याने दाजीची कॉलर पकडली आणि त्याला खाली, आगीकडे ओढू लागला.

"मेव्हणे, पोरांकडे बघून तरी सोडा."

"मुकाट चल. पलीकडे काळं आहे."

"तिला मोकळी करतो. काय हवं ते लिहून देतो. पण असं नका करू."

दाजीने त्याच्या दंडात दात रुतवले, पोटात गुडघा घातला. मुकादमाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. दुसऱ्या ठोशाला दाजीचे पाय लटपटले आणि तो ढिला होऊन मुकादमाच्या अंगावर कलंडला. आग अजून दहा पावलं लांब होती. तेवढ्यात त्याला खांद्यावर टाकून आत नेता आलं असतं. मुकादमाने केस धरून त्याचं डोकं मागे ओढलं आणि तिसरा ठोसा मारला. दात तुटल्याचा आवाज आला.

दाजीचे डोळे उघडले. कमरेचा कोयता त्याच्या हातात आला. पहिला घाव मुकादमाच्या मनगटात हाडापर्यंत गेला, दुसऱ्याने दोन बोटं तुटली. कॉलर सुटली.

दाजी चाळीस पावलं वर गेला. खालून सात जणांनी त्याला पळताना पाहिलं, मग आग त्याच्यावरून पुढे गेली. त्याचं ओरडणं आणखी थोडा वेळ ऐकू आलं. मुकादम ज्वाळांतून काळ्या जमिनीवर येऊन आदळला, तेव्हा त्याच्या भुवया उरल्या नव्हत्या आणि रक्त राखेत पडून तिथल्या तिथे सुकत होतं.

चार वाजता दवाखान्याच्या ओट्यावर पोलिसाने एकेकाला विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. मुकादम दाजीला आगीकडे ओढत होता.

"म्हणजे मारायला?"

"आगीकडेच ओढायचं असतं, साहेब," पाणी वाहणारा म्हातारा म्हणाला. "वर ओढला असता तर मीच म्हणालो असतो, मारायला म्हणून."

बहीण आत भावाच्या खाटेपाशी आली. तिचा हात अजून प्लास्टरमध्ये होता.

"दादा, सकाळी तू काय बोललास ते मला कळलंय. आता खरं सांग."

भाऊ छताकडे बघत बोलला.

"वाचवायलाच ओढत होतो. दोन ठोसे त्यासाठीच मारले."

"आणि?"

"तिसरा तुझ्यासाठी मारला."

"मी सांगितलं होतं?" बहीण म्हणाली.

दाजी त्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास डोंगरावर वारला. वय बत्तीस. मुकादम एकोणीस वर्षांनी, ऐन थंडीत, आपल्या अंथरुणात वारला.